माळावरचे कलाकेंद्र कसे चालवावे: पाणी, गवत आणि दिवसाची आखणी

गावाबाहेरच्या माळावर कलाकेंद्र काढू पाहणारी मंडळी आमच्याकडे येतात तेव्हा कोणती कला शिकवावी, असा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आम्ही त्यांना उलट विचारतो की तुमच्या विहिरीला मे महिन्यात किती परस (पुरुषभर खोलीचे माप) पाणी राहते. प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण मराठवाड्यात निवासी केंद्राचा दिवस कलेच्या तासिकांवरून आखला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो. तो आखायचा असतो पाण्यावरून, उन्हावरून, गवतावरून आणि शेजारच्या गावाच्या शेतीवरून. या चार गोष्टी नीट बसल्या की मातीकाम, रंगकाम आणि गाणे यांना वेळ सापडतो. आमचे केंद्र अंबाजोगाईच्या बाजूला, बालाघाटाच्या उतारावर नऊ एकरांत आहे. दोन एकरांत इमारती आणि बाग, उरलेल्या सात एकरांत गवत. तेथे राहून आणि बऱ्याच चुका करून जे समजले ते पुढे दिले आहे.

आधी पाण्याचा हिशेब

मराठवाड्याचा सरासरी पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास असला तरी तो जून ते सप्टेंबरमध्ये आणि परतीच्या काही सरींत उरकतो, आणि मध्ये ऑगस्टात तीन-तीन आठवड्यांची उघडीप पडते. काळ्या पाषाणाच्या भूमीत पाणी साठते ते भेगांत आणि मुरमात. त्यामुळे बोअर खोल गेला म्हणजे पाणी टिकेलच, असे धरून चालू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे इथे कोणी विसरलेले नाही. म्हणून पहिला आधार छपराचा धरावा. २०० चौरस मीटर पत्र्याच्या छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी १,१२,००० लिटर पाणी हाती येते. माणशी दररोज ५५ लिटर, हे ग्रामीण नळयोजनांचे माप घेतले तर दहा माणसांना दिवसाला ५५० लिटर आणि फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ६६,००० लिटर लागतात. म्हणजे तेवढ्या क्षमतेची एक झाकलेली टाकी बांधली की राहणाऱ्यांचा उन्हाळा निभावतो. पावसाळ्यातल्या पहिल्या दोन सरींचे पाणी मात्र टाकीत घेऊ नये. धूळ, पाला आणि पाखरांची विष्ठा त्यातच वाहून येते.

बागेला आणि कामशाळेला लागणारे पाणी या हिशेबात नाही, ते वेगळ्या टाकीत विहिरीवरून घ्यावे. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आळीपाळीने दिवसा किंवा रात्री मिळते, त्यामुळे ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात मोटार कोण चालू करणार आणि टाकी भरल्यावर कोण बंद करणार, ते नावानिशी फळ्यावर लिहावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते, हे आम्ही रात्रभर वाहून गेलेल्या टाकीवरून शिकलो.

उन्हाप्रमाणे दिवस

वर्षभर एकच वेळापत्रक ठेवण्याचा हट्ट सोडून तीन वेळापत्रके करावीत.

मार्चपासून मृग लागेपर्यंत दिवस पहाटे पाचला सुरू व्हावा. साडेपाच ते साडेसहा बागेला पाणी, साडेसहा ते अकरा कामशाळा, आणि बारा ते चार पूर्ण विश्रांती. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याखाली तर त्याहून अधिक. त्या वेळात जलरंग कागदावर पसरायच्या आधी कुंचल्यावरच वाळतो, माती कडांना तडकते, आणि माणसे एकमेकांवर खेकसतात. बाहेरून आलेल्या कलावंतांना ही चार तासांची सुट्टी आळशीपणाची वाटते. त्यांना पहिल्या दिवशी समजावत बसू नये, तिसऱ्या दिवशी ते स्वतःच चटई शोधत येतात. संध्याकाळी पाच ते साडेसात पुन्हा काम आणि रात्री अंगणात बैठक. दिमडी आणि हलगी या दिवसांत चांगल्या ताणलेल्या असतात. पावसाळ्यात त्याच हलगीला दर अर्ध्या तासाने शेकोटी दाखवावी लागते.

पावसाळ्याची तयारी सात जूनच्या आत, म्हणजे मृगाआधी पुरी करावी. काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरला अशी चिकटते की ट्रॅक्टरसुद्धा जागचा हलत नाही. तेव्हा जळण, कागद, रंग, तुरटी, चुना, सिमेंट असे जे जे जड आहे ते आधीच आत आणावे आणि दारापासून सडकेपर्यंतच्या वाटेवर मुरूम टाकून घ्यावा. पावसाळ्याचा दिवस मोकळा ठेवावा, कारण ऊन पडेल तेव्हा तण काढायचे आणि पाऊस लागेल तेव्हा आत बसून चित्र काढायचे, एवढाच नियम चालतो. हिवाळा हा खरा कामाचा हंगाम. पाहुणे, कार्यशाळा, प्रदर्शन हे सर्व नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावे, मात्र सकाळचा पहिला वर्ग नऊच्या आधी घेऊ नये, कारण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गारठलेल्या बोटांनी चाकावरची माती वर उचलत नाही.

मातीकाम आणि रंगकाम

येथील मातीबद्दल एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. पहिल्या वर्षी आम्ही शेततळ्याच्या कडेची सुंदर मऊ माती आणून दिवाळीसाठी पणत्या केल्या. आव्यातून निघाल्या तेव्हा त्या रंगाने आणि आवाजाने उत्तम होत्या. चौथ्या रात्री कोठीतून 'टक्, टक्' असा बारीक आवाज येऊ लागला. सकाळी पाहिले तर बहुतेक पणत्यांचा हरभऱ्याएवढा टवका उडाला होता आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका होता. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. आव्याच्या आचेत त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल शोषतो, फुगतो आणि वरची माती फोडून बाहेर येतो. उपाय कष्टाचा असला तरी सोपा आहे. माती दोन दिवस पाण्यात भिजवून तिची पातळ राब करावी, ती धोतराच्या विरळ कापडातून गाळावी, निवळल्यावर वरचे पाणी काढून माती गोणपाटावर वाळवावी. मातीची चिमूट कुटून तिच्यावर लिंबू पिळले आणि बारीक बुडबुडे आले तर चुना अजून आहे असे समजावे. नुसत्या काळ्या मातीची भांडी वाळताना तडकतात, म्हणून तळ्यातला गाळ, चाळलेली राख आणि लीद मिसळावी. प्रमाण पुस्तकात शोधण्यापेक्षा जवळच्या गावातल्या कुंभारदादांना मानधन देऊन आठवडाभर बोलवावे. ते मातीचा लाडू दाबून पाहतात आणि सांगतात. उन्हाळ्यात भांडी उघड्यावर दोन दिवसांत वाळतात आणि फुटतात, त्यापेक्षा सावलीत ओल्या गोणपाटाखाली पाच दिवस लावलेले परवडते.

कापड रंगवण्याचे काम पाण्याच्या दृष्टीने सर्वांत खर्चिक आहे. एक किलो सुती कापडाला एका हंड्यात साधारण २० लिटर पाणी लागते, आणि धुणे, हिरडा, तुरटी, रंग, शेवटची खळबळ असे टप्पे धरले तर तेच पाणी चारपाच पट होते. म्हणून रंगकाम ऑगस्ट ते जानेवारी या काळातच ठेवावे. सुताला रंग सहज धरत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून मग कापडाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के तुरटीत ठेवले म्हणजे रंग बसतो. पळसाची फुले फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखाली पडलेली वेचून सावलीत वाळवावीत, ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतात. डाळिंबाची साल, बाभळीची साल, झेंडू आणि हिंगोली-वसमतकडची हळद हे सर्व हाताशी मिळणारे रंग आहेत, पण हळदीचा पिवळा उन्हात उडतो हे गिऱ्हाइकाला विकण्याआधी सांगावे. हिरड्यावर हिरकस (लोहाचा क्षार) पडला की कापड काळपट होते. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर हा काळपटपणा न बोलावता येतो, तेव्हा फिके रंग छपराच्या पाण्यातच करावेत. साधे खळबळलेले पाणी झाडांना चालते. तुरटीचे आणि हिरकसाचे पाणी मात्र वेगळ्या शोषखड्ड्यात सोडावे.

कागदासाठी वेगळे दालन उघडण्याची घाई करू नये. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला हातकागदाची जुनी परंपरा आहे. एक दिवस तेथे जाऊन, लगदा साच्यावर कसा उचलतात ते पाहून मगच ठरवावे.

बाग

बागेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण येथे चूक एकाच प्रकारची होते आणि ती म्हणजे हिरवळ लावण्याची. शहरी पाहुण्यांना आवडते म्हणून लावलेली हिरवळ उन्हाळ्यात इतके पाणी पिते की तेवढ्यात भाजीपाल्याचे दोन वाफे निघतात. सावलीसाठी कडुनिंब आणि करंज, कुंपणाला मेंदी आणि सागरगोटा, फळांत सीताफळ (बालाघाटाच्या माळावर ते राखण न करताही येते), स्वयंपाकघराच्या मागे शेवगा आणि कढीपत्ता, फुलांत झेंडू, शेवंती, कोरांटी, कण्हेर. एवढ्यावर बाग वर्षभर उभी राहते. स्नानगृहाचे पाणी केळीच्या आळ्यात सोडावे. वाफ्यांवर उसाचे पाचट किंवा कडब्याचे तुकडे चार बोटे जाड पसरावेत.

मातीकाम शिकणाऱ्यांच्या हातून नेहमीच काही मडकी वाकडी होतात. ती न फेकता बुडाला भोक नाही ना हे पाहून रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावीत, पाण्याने भरून वर खापरी झाकावी. कमी आचेत भाजलेल्या, न रंगवलेल्या मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते आणि रोपाची मुळे मडक्याला बिलगतात. सहा-सात लिटरचे मडके मे महिन्यात दोन-तीन दिवसांनी भरावे लागते. शिकाऊ कुंभाराला आपले पहिले वाकडे मडके वांग्याच्या रोपाला जगवताना दिसते, यासारखे प्रोत्साहन आम्हाला दुसरे सापडलेले नाही.

गवत

गवताळ रानाकडे बहुतेक लोक मोकळी पडलेली जागा म्हणून पाहतात. सरकारी कागदावरही असा माळ पुष्कळदा 'पडीक' म्हणूनच लागतो, आणि आलेला प्रत्येक पाहुणा तेथे झाड लावण्याची इच्छा व्यक्त करतो. झाड लावायचे असेल तर बागेत लावावे. मारवेल, पवन्या आणि कुसळी ही गवते उन्हात वाढणारी आहेत, दाट सावलीत ती मरतात, आणि त्यांच्याबरोबर चंडोल, तित्तर, लावा, ससा यांचा आसराही जातो. आम्ही पाहुण्यांना झाडाऐवजी गवताचे बी गोळा करायला लावतो. काहींना ते अपमानास्पद वाटते.

कामाची पद्धत अशी आहे. रानाचे चार भाग पाडावेत आणि दरवर्षी आळीपाळीने एक भाग न कापता राखावा, म्हणजे बी तेथे पडते आणि पाखरांना हिवाळाभर आडोसा राहतो. पाऊस पडल्यापासून दसऱ्याच्या सुमारापर्यंत चारही भागांत चराई बंद असावी. जमिनीवर घरटी करणारी बरीच पाखरे पावसाळ्यातच अंडी घालतात, तेव्हा सप्टेंबर संपण्याआधी विळा लावू नये. दुसरीकडे फार उशीरही करू नये, कारण गवत फुलोऱ्यात असताना त्यात कस असतो, बी झडल्यावर काडी उरते. कुसळीच्या बाबतीत तर कुसळे कडक होण्याआधीच कापणी व्हावी. नंतर ती शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात रुततात आणि आपल्या धोतरातून, सलवारीतून आठवडाभर निघत राहतात. कापताना मध्यापासून कडेकडे यावे. कडेकडून मध्याकडे गेले तर ससा आणि पिल्ले मधल्या शेवटच्या पट्ट्यात कोंडली जातात. विळा चार बोटे वर चालवावा, म्हणजे बुडखा पुन्हा फुटतो. कापलेले गवत दोन-तीन दिवस उलटेपालटे करून वाळवावे आणि मगच पेंढ्या बांधून गंजी, जिला आमच्याकडे बनीम म्हणतात, ती रचावी. ओले गवत रचले तर आतून तापते, बुरसते आणि कधी पेटतेही. पेंढीत हात खुपसून पाहावा. ऊब लागली तर गंजी त्याच दिवशी मोडावी.

गाजर गवताची पाहणी जुलैपासून दर आठवड्याला करावी. ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मुळासकट उपटावे. एका झाडाला हजारो बिया धरतात, आणि अंगाला लागून काहींना खाज व चट्टे उठतात. ज्याला एकदा त्रास झाला त्याला हे काम पुन्हा देऊ नये. नोव्हेंबरात गवत पिवळे पडताच कुंपणालगत सभोवार, आग पसरू नये म्हणून, तीन मीटर रुंदीचा जाळपट्टा साफ करून घ्यावा. जाळपट्टा नावाला जाळपट्टा असला तरी आम्ही तो जाळत नाही, खरडून काढतो.

आता याहून अवघड भाग. पहिल्या वर्षी आम्ही सात एकरांना तारेचे कुंपण घातले आणि चराईबंदीची पाटी लावली. महिनाभरात तार चार ठिकाणी तुटली. राग आला, तक्रार करावी असेही वाटले. पण ज्या माळावर गावाच्या शेळ्या दोन पिढ्या चरत होत्या तो आम्ही कागद करून विकत घेतला होता, एवढाच आमचा हक्क होता. शेवटी गावातल्या दोन आजींना आणि शेळ्या राखणाऱ्या मंडळींना चहाला बोलावले. ठरले ते असे की पावसाळ्यात कोणी जनावर घालणार नाही, कापणी गावातल्याच बायामाणसांनी बटईने करायची, निम्म्या पेंढ्या कापणाऱ्याच्या आणि निम्म्या केंद्राच्या, आणि जानेवारी ते मे कापलेल्या दोन भागांत शेळ्या मोकळ्या सोडायच्या. हे बोलणे माळ घेण्याआधी व्हायला हवे होते. तार नंतर तुटली नाही. उलट एका वर्षी बांधावर विडीची ठिणगी पडून धूर दिसला तेव्हा आम्ही चप्पल घालेपर्यंत शेळ्या राखणाऱ्या काकांनी कडुनिंबाच्या फांद्यांनी आग झोडपून विझवली होती.

धोक्याच्या गोष्टी

गवतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चारही असू शकतात. सायंकाळनंतर बॅटरीशिवाय आणि उंच बुटांशिवाय कोणी गवतात जाऊ नये, आणि जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचावी. साप चावल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये; अवयव हलू न देता १०८ वर फोन करून सर्पदंशावरचे प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. ते रुग्णालय कोणते, हे आधीच विचारून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात. गडगडाट ऐकू येताच विळे टाकून पक्क्या इमारतीत यावे, एकट्या झाडाखाली थांबू नये. विजेची आगाऊ सूचना देणारे 'दामिनी' हे ॲप किमान दोघांच्या मोबाईलवर असावे. केंद्रासाठी जुना वाडा घेणार असाल तर तो माळवदाचा (मातीच्या सपाट छताचा) आहे का आणि दगडी भिंतींत दोन्ही बाजू बांधून धरणारे आरपार दगड आहेत का, हे अभियंत्याकडून पाहून घ्यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीच्या जड माळवदांखाली आणि सुट्या दगडांच्या भिंतींखाली माणसे गेली.

गावाचे पंचांग

कार्यक्रमांच्या तारखा छापण्याआधी गावाचे वर्ष समोर ठेवावे. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची. त्या आठवड्यांत प्रयोग ठेवला तर समोर रिकाम्या सतरंज्या दिसतात. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत परत येत नाहीत. पुष्कळदा मुलेही बरोबर जातात. त्यामुळे मुलांचे चित्रकलेचे आणि गाण्याचे वर्ग जून ते सप्टेंबरमध्ये भरगच्च घ्यावेत. मागे राहतात त्या आज्या. हिवाळ्याच्या दुपारी त्यांना ओव्या आणि गोधडीचे टाके शिकवायला बोलवावे, आणि मानधन पाहुण्या कलावंताइतकेच द्यावे. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवण्यासाठी केंद्राचे रंग उघडून ठेवावेत. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन गावात जाऊन करावे, केंद्रात वेगळे नको. नाथषष्ठीच्या सुमारास निम्मे टाळकरी पैठणला गेलेले असतात, हेही लक्षात असू द्यावे.

आणि येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर, धाराशिव आणि आमच्या बाजूचा शेतकरी घरादारासह शेतात जातो, कडब्याची खोप करून पांडवांची पूजा मांडतो, आणि भज्जी, उंडे, अंबील यांचे जेवण होते. आम्ही पहिल्या वर्षी नेमकी त्याच दिवशी कार्यशाळा ठेवली होती. पुण्याहून आलेले पाहुणे वेळेवर हजर होते, स्वयंपाकाच्या मावशी आल्या नाहीत, गावातून एकही मूल आले नाही, आणि बाराच्या सुमारास शेजारच्या शेतातून एक मुलगा धावत येऊन म्हणाला की अंबिलाचे मडके उघडायचे थांबले आहे, तुम्ही सगळे कधी येताय? आता त्या तारखेसमोर आमच्या फळ्यावर एवढेच लिहिलेले असते: केंद्र बंद, जेवण शेजारी.